मुक्त विद्यापीठ की कॉलेज रोड? भाचीच्या बी.कॉम.चा हिशेब

बारावीनंतर बी.कॉम. करू पाहणाऱ्या नाशिककरापुढे सर्वसाधारणपणे दोन वाटा असतात. पहिली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेज रोडवरील किंवा गंगापूर रोडवरील महाविद्यालयाची. दुसरी त्याच गंगापूर रोडने पुढे गेल्यावर धरणाजवळ लागणाऱ्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची. भाचीच्या प्रवेशाच्या निमित्ताने दोन्हींची चौकशी माझ्याकडे आली आणि आम्ही मुक्त विद्यापीठ निवडले. हा निर्णय तिच्यापुरता योग्य होता. तो सगळ्यांनीच घ्यावा असे मात्र मी म्हणणार नाही.

खर्च म्हटला की लोक केवळ फीची तुलना करतात आणि तेथेच गफलत होते. अनुदानित तुकडीत प्रवेश मिळाला तर महाविद्यालयाची फी फारशी जड नसते. विनाअनुदानित तुकडीत तोच अभ्यासक्रम बराच महाग पडतो. परंतु भाची एका करसल्लागाराच्या कार्यालयात नोकरी करते. जीएसटीच्या विवरणपत्रांसाठी दर महिन्याची ११ आणि २० तारीख जवळ आली की तेथून कोणाला लवकर सुटता येत नाही, आणि महाविद्यालयाच्या हजेरीसाठी ही नोकरी सोडावी लागली असती. बुडणारा पगार आणि हातचा जाणारा अनुभव हाच खरा खर्च होता. त्यापुढे दोन्हीकडच्या फीमधील फरक किरकोळ ठरला.

१९८९ मध्ये स्थापन झालेल्या या मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे, आणि नाशिकरोड मध्यवर्ती कारागृहातील बंदिवानांनीही येथून पदव्या मिळवल्या आहेत, हे पाहता ते नुसते कागदावर राहिलेले नाही. येथील शिक्षणाचा कणा म्हणजे अभ्यासपुस्तिका. समोर शिक्षक नाही हे गृहीत धरून त्या लिहिलेल्या असल्यामुळे घटकाची उद्दिष्टे, विवेचन आणि स्वतःला तपासून पाहण्याचे प्रश्न अशी त्यांची मांडणी असते. लेखाशास्त्रासारख्या विषयात केवळ वाचून भागत नाही, उदाहरणे हाताने सोडवावी लागतात; भाचीचा दिवस खतावण्यांतच जात असल्याने तिला ते जड गेले नाही. पदवीच्या मान्यतेबद्दल नातेवाईक अजूनही शंका काढतात, पण मान्यताप्राप्त मुक्त व दूरस्थ अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे त्या शंकेला आता अर्थ उरलेला नाही.

उणीव आहे ती पद्धतीतच. संपर्कसत्रे, म्हणजे शिक्षकांसमोर प्रत्यक्ष बसून होणारे वर्ग, मर्यादित असतात, आज अडलेली शंका उद्या वर्गात विचारू अशी सोय नसते, आणि गृहपाठाची तारीख आपली आपणच लक्षात ठेवावी लागते. वाचनाची शिस्त नसलेल्या मुलाची पुस्तिका परीक्षेच्या आदल्या आठवड्यापर्यंत कोरीच राहते. महाविद्यालयात ग्रंथालय, एनसीसी, राष्ट्रीय सेवा योजना, वक्तृत्व स्पर्धा आणि मुख्य म्हणजे समवयस्कांची सोबत मिळते. अठराव्या वर्षी ती सोबत फीच्या पावतीत धरली जात नाही, म्हणून तिची किंमत कमी लेखली जाते. भाचीच्या धाकट्या भावाला नोकरी नाही आणि स्वतःहून पुस्तक उघडण्याची सवयही नाही, त्यामुळे त्याच्यासाठी मी विनाअनुदानित तुकडीची फी भरावी लागली तरी महाविद्यालयच सुचवले आहे.

मुक्त विद्यापीठाकडे वळणाऱ्यांनी विद्यापीठाइतकीच अभ्यासकेंद्राचीही निवड जपून करावी, कारण प्रत्यक्ष संबंध त्याच्याशीच येतो. घराजवळचे केंद्र डोळे झाकून घेऊ नये. आपल्या विषयाची संपर्कसत्रे तेथे रविवारी होतात का, गृहपाठ कोण तपासतो आणि फोन कोण उचलतो, हे तेथे सध्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच, अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे.