वहाळ तपासायचा किट: सहा महिने वापरल्यावर

आमच्या दोडामार्गाकडे ओढ्याला वहाळ म्हणतात. शाळेच्या मागून असाच एक वहाळ जातो. मुलांना विज्ञान तिथे नेऊन शिकवावं म्हणून गेल्या नोव्हेंबरात मी पाणी तपासायचा एक किट ऑनलाइन मागवला. पदरचे साडेचार हजार रुपये गेले. पेटीत पीएच, नायट्रेट आणि अमोनियाच्या पट्ट्या, विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या बाटल्या, लांब दांड्याची जाळी, पांढरा ट्रे, भिंग आणि पाण्यातल्या किड्यांचं चित्रकार्ड निघालं. दर महिन्याला दोन जागी वापरला. एक जागा वरची, राईतली, जांभूळ-करंजाच्या गच्च सावलीतली. दुसरी अर्धा किलोमीटर खाली, जिथे काठ साफ करून रबर लावलंय आणि बायका कपडे धुतात.

पट्ट्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. झाडाखालच्या हिरव्या उजेडात रंग जुळवू नका, चुकतो. पट्टी घेऊन उन्हात या.

ऑक्सिजनची चाचणी मात्र मन लावून करण्यासारखी आहे. बाटली पाण्याखाली धरून भरायची, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. दोन द्रावणं टाकली की तपकिरी साका खाली बसतो. ऑक्सिजन नसेल तर साका पांढराच राहतो. मग आम्ल टाकलं की तो विरघळून पाणी पिवळं होतं. त्यात स्टार्च घातला की निळं. शेवटी थायोसल्फेटचे थेंब मोजत जायचं, निळा रंग जाईपर्यंत. या किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला अर्धा मिलिग्रॅम. द्रावणं हातावर सांडली तर भाजतात, म्हणून ही चाचणी मी स्वतः करते, मुलं फक्त थेंब मोजतात.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी राईत पंधरा थेंब लागले, म्हणजे साडेसात. खालच्या जागी अठरा, म्हणजे नऊ! माहितीपत्रकाप्रमाणे नऊ म्हणजे ‘उत्तम’. मुलांनी वहीत लिहूनही टाकलं की खालचं पाणी चांगलं. मला ते पटेना. खालचं पाणी २८ अंशांवर होतं आणि एवढ्या कोमट पाण्यात हवेतून आठाच्या वर ऑक्सिजन मावतच नाही. मग जास्तीचा ऑक्सिजन आला कुठून? दगडांवरच्या शेवाळातून. ते दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर स्वतःच श्वासासाठी ओढून घेतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला भाच्याला घेऊन पुन्हा गेले. राईत चौदा थेंब. खाली आठ. म्हणजे दुपारी नऊ मिलिग्रॅम होता तो पहाटे चार मिलिग्रॅमवर. माहितीपत्रकात वेळेबद्दल एक ओळ नाही, आणि ही मला या किटमधली सगळ्यात मोठी चूक वाटते.

जाळीने मात्र पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं. प्रवाहाच्या खालच्या अंगाला जाळी टेकवायची, तिच्यापुढचे दगड पायाने तीन मिनिटं ढवळायचे आणि जाळीत आलेलं ट्रेमध्ये ओतायचं. राईत सातवीतली एक मुलगी भिंगातून बघून ओरडली, “बाई, ह्येका दोनच शेपटे आसत!” ती स्टोनफ्लाय नावाच्या, स्वच्छ वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या किड्याची अळी होती. छातीखाली कल्ल्यांचे झुपके, पायांना दोन-दोन नख्या. तिच्याबरोबर दगडाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लाय आणि वाळूच्या कणांचं घर पाठीवर वागवणाऱ्या कॅडिसफ्लाय. खालच्या जागी दगड गाळात अर्धे रुतलेले आणि ट्रेमध्ये लालभडक वळवळ्या अळ्याच अळ्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये त्या तगतात. स्टोनफ्लाय तगत नाही, एक वाईट पहाट तिला पुरते. आपण फक्त दुपारी जातो, ती तिथे रात्रंदिवस असते.

चित्रकार्ड ब्रिटनच्या गुणपद्धतीचं आहे. स्टोनफ्लायला दहा गुण, लाल अळ्यांना दोन, गांडुळासारख्या किड्यांना एक. पण त्यावर तिकडचा गॅमरस (कोळंबीसारखा छोटा जीव) आहे आणि आमच्या वहाळातला खेकडा नाही. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकष आहेत, स्वच्छ ते अतिप्रदूषित अशा पाच वर्गांचे. इथे विकायच्या पेटीत तेच हवे होते. आम्ही नवं कार्ड स्वतः काढतोय.

आणखी दोन तक्रारी. जाळीची शिवण दुसऱ्याच खेपेला खडकाला घासून उसवली, ती गरीच्या नायलॉन दोऱ्याने शिवून घेतली. आणि वापरलेली द्रावणं साठवायला बाटलीच दिलेली नाही. वहाळ तपासायला जायचं आणि ते रसायन त्याच वहाळात ओतायचं? झाकणाची रिकामी बाटली घरून न्या. ट्रेमधले जीव मोजून झाल्यावर जिथले तिथे अलगद सोडा, पावसाळ्यात पुराच्या पाण्यात उतरू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

पुढच्या वर्षी अख्खा किट मी घेणार नाही. अर्ध्या मिलिमीटर भोकांची, कॅनव्हासच्या काठाची जाळी, पांढरं प्लास्टिकचं घमेलं, भिंग आणि ऑक्सिजनची बाटली एवढंच सुटं घेईन. तुमच्याकडे पैसे थोडे असतील तर बाटलीही राहू द्या. जाळी घ्या.