एवेचे अनुनासिक स्वर नोंदवताना: नेझोमीटर की एअरफ्लो मास्क?

घानाचा व्होल्टा प्रदेश आणि दक्षिण टोगो इथे बोलल्या जाणाऱ्या एवे भाषेत स्वर नाकातून गेला की शब्द बदलतो. 'से' म्हणजे ऐकणे, 'सेँ' म्हणजे कठीण किंवा मजबूत असणे. 'क्प्लॉ' म्हणजे सोबत नेणे, 'क्प्लॉँ' म्हणजे टेबल. (इथे चंद्रबिंदू निव्वळ अनुनासिकत्व दाखवतो.) प्रमाण मराठीत या फरकाने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानाला तो सहज पकडता येत नाही. कोकणी बोलणाऱ्यांना सोपं जातं. यंत्राचा आधार घ्यायचा तर हाताशी मुख्यतः दोन पर्याय येतात.

नेझोमीटरमध्ये वरच्या ओठावर आडवी पट्टी असते, तिच्या वर एक मायक्रोफोन आणि खाली दुसरा. नाकाकडच्या आवाजाचं एकूण आवाजाशी प्रमाण टक्क्यांत मिळतं. मास्कमध्ये नाक आणि तोंड यांचे कप्पे वेगळे असतात आणि प्रत्येकातून सेकंदाला किती मिलिलिटर हवा गेली ते दिसतं. मांडणीला नेझोमीटर हलका आणि बोलणाऱ्यालाही तो कमी अवघडवतो. बरेच वक्ते आणि थोडा वेळ असेल तर हा फायदा लहान नाही.

तरीही माझा कल मास्ककडे आहे, आणि त्याचं कारण 'इ' हा स्वर. 'इ' म्हणताना जीभ टाळूच्या जवळ जाते, तोंडातून बाहेर पडणारा आवाज तुलनेने क्षीण होतो आणि टाळूच्या कंपनातून थोडा आवाज नाकात पोचतो. मृदू तालू (टाळूचा मागचा मऊ भाग) पूर्ण वर असला, नाकाची वाट बंद असली तरी नेझोमीटरचा आकडा चढतो. 'आ' आणि 'आँ' सहज वेगळे निघतात, पण शुद्ध मौखिक 'इ' चा आकडाच वर असल्यामुळे 'इँ' शी त्याचं अंतर घटतं. प्रत्येक स्वराला वेगळी सीमारेषा आखायची, आणि तीही प्रत्येक वक्त्यासाठी, म्हणजे जे सिद्ध करायचं तेच आधी गृहीत धरल्यासारखं होतं. मास्कमध्ये वाट बंद असेल तर नाकाची रेषा शून्यावर राहते, स्वर कुठलाही असो. त्या शून्याचं मोल फार आहे.

दुसरी अडचण सुरांची. नेहमीचे नेझोमीटर साधारण 350 ते 650 हर्ट्झमधला आवाज मोजतात. आवाज 220 हर्ट्झवर असेल तर त्या पट्ट्यात ठळकपणे 440 चा एकच हार्मोनिक (मूळ कंप्रतेच्या पटीतला स्वरांश) येतो. सूर 180 वर उतरला की 360 आणि 540 असे दोन. एवे सुरांची भाषा, म्हणजे सुराच्या चढउतारानेही शब्दाचा अर्थ बदलतो, असल्याने आकड्यात पडलेला थोडा फरक नाकाचा की सुराचा, हा संशय उरतो. म्हणून जोडीतल्या दोन्ही शब्दांचा सूर वक्त्याकडून तपासून घ्यावा.

मास्कचेही त्रास आहेत. मोठा 'आ' म्हणताना जबडा खाली जातो, वरच्या ओठावरची मधली कड सुटते आणि तोंडातली हवा नाकाच्या कप्प्यात शिरते. मग मौखिक 'आ' अनुनासिक दिसतो. सुरुवातीला दोन सेकंद श्वास रोखून शून्य घ्यावं. मग 'पा पा पा' म्हणायला लावावं, नाकाची रेषा सपाट राहायला हवी. नंतर लांब 'म्', यात तोंडाची रेषा सपाट हवी. दाट मिशीदाढी असेल तर कड नीट बसतच नाही. अशा वक्त्यासाठी नेझोमीटरच बरा. दमट किनाऱ्यावर मास्कमधल्या, हवा जिथून जाते त्या जाळीत वाफ साचून आकडे सरकतात, तेव्हा दर दहा-पंधरा मिनिटांनी जाळी कोरडी करून पुन्हा शून्य घेतलेलं बरं. मृदू तालू वर उचलताना नाकाच्या रेषेत एक बारीक उसळी येते, ती अनुनासिक स्वर समजू नये.

यंत्र कुठलंही असो, शब्दांची यादी जपून करावी. म, न यांच्या नंतरचा स्वर तसाही अनुनासिकच असतो, तिथे तुलना होत नाही. स, त, क यांच्या नंतरच्या जोड्या उत्तम. चौकटीचं वाक्य (ज्यात प्रत्येक शब्द बसवून म्हणायला लावतात ते) 'मी म्हणालो' असं ठेवलं तर सुरुवातीचा 'मे' (एवेत 'मी') नाक आधीच उघडतो. त्याऐवजी 'एग्ब्लॉ बे', म्हणजे 'तो म्हणाला की', घ्यावं. यात नासिक्य ध्वनी एकही नाही.

मास्कची खरी कमाई 'लाँ' (मांस, प्राणी) या शब्दात दिसते. अनुनासिक स्वराआधीचा 'ल'ही नाकातून जातो, आणि हवा नेमकी कुठे सुरू झाली ते रेषेवर बोट ठेवून दाखवता येतं. मात्र मास्कमुळे आवाज कोंदतो, 'ए' आणि 'ॲ' सारखे जवळचे स्वर त्या ध्वनिमुद्रणावरून ठरवू नयेत. तीच यादी त्याच बैठकीत, मास्क काढून, साध्या मायक्रोफोनवर पुन्हा घ्यावी.