नवा फ्लॅट की रिसेल? कागदपत्रांच्या बाजूने पाहिलं तर

महाराष्ट्रात गुंतवणुकीसाठी फ्लॅट घ्यायचा म्हटलं की पेच पडतो: चालू प्रकल्पात बुकिंग करावं की नांदत्या सोसायटीतला रिसेल घ्यावा? भाव आणि भाड्याचा हिशेब सगळेच मांडतात. मी इथे फक्त कायदेशीर खाचखळगे बघतोय. नव्यात पुढे काय होईल याची धास्ती, रिसेलमध्ये मागे काय होऊन गेलंय याची.

नवा फ्लॅट घेणाऱ्याच्या पाठीशी 2016 चा रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा, कायदा आहे. करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. खरेदीदारांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागा, नाहीतर थांबा आणि दर महिन्याचं व्याज घ्या. कागदावर सगळं चोख. घोडं अडतं वसुलीत. महारेराचा (या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा) आदेश हातात आला तरी बिल्डरने पैसे दिले नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल करायचे. तो कफल्लक झाला असेल तर आदेश फाइलीतच राहतो आणि तुमचा हप्ता मात्र चालू. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर नुसता नोंदणी क्रमांक बघून परत येऊ नका. प्रकल्प पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख शेजारी ठेवा, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे बघा. तारीख दोनदा पुढे गेली असेल तर मी माहितीपत्रक उघडतसुद्धा नाही.

पाच टक्के जीएसटीही (परवडणाऱ्या घरांना एक टक्का) याच बाजूला मोजायचा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत वापरायची अधिकृत परवानगी (ओसी), मिळाल्यावर विकलेल्या फ्लॅटला तो लागत नाही.

रिसेलचं दुखणं वेगळं. एका व्यवहारात आम्ही टोकन द्यायच्या बेतात होतो. सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, म्हणजे शेअर सर्टिफिकेटवर, विकणाऱ्याचं नाव होतं, सोसायटी ना हरकत द्यायला तयार होती. सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी उतारा, काढली तर तिच्यावर अजून त्याच्या दिवंगत वडिलांचंच नाव. सोसायटीने नॉमिनी म्हणून मुलाचं नाव चढवलं होतं, एवढंच. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हक्क वारसांचा. “बहीण आहे, पण तिची काही तक्रार नाही हो,” तो म्हणाला. मग तिच्याकडून हक्कसोडपत्र (आपला वाटा सोडल्याचा दस्त) करून घ्या, असं सुचवल्यावर त्याचा फोन यायचा बंद झाला.

म्हणून पहिल्या करारनाम्यापासून आजपर्यंतची साखळी जुळवायची. एक मूळ करारनामा हरवलेला असला तरी वकिलाला शोध अहवाल काढायला लावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. इमारतीला ओसी आहे का, हे वेगळं विचारा. लोक वीस वर्षं राहताहेत म्हणजे ती असतेच असं नाही. आणि अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स? ते झालेलं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असते. पुनर्विकासाच्या आशेने जुना फ्लॅट घेणाऱ्याने तर हे आधी बघावं. मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घ्यायची, वाट आहे, पण ती सोसायटीने चालायची असते आणि सभासदांच्या कुरबुरीत वर्षं निघून जातात.

पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या व्यवहारात विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (आयकराची आगाऊ कपात) कापायची जबाबदारी घेणाऱ्याची. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर पन्नास लाखांची ती मर्यादा नाही आणि कपातही बरीच मोठी. ती चुकली तर कराची नोटीस तुम्हाला येते, परदेशात बसलेल्या त्याला नाही.

ओसी आणि कन्व्हेयन्स दोन्ही असलेला रिसेल मी नव्या बुकिंगपेक्षा वर ठेवतो, भाव थोडा जास्त असला तरी. दोन्ही नसतील तर मात्र नवा फ्लॅट बरा. तिथे निदान दाद मागायला महारेरा आहे.

‘त्यापेक्षा गुंठा-दोन गुंठे घे’ असं सुचवणारा कुणीतरी भेटतोच. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही. शिवाय शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला बंदी घालणारा 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. त्यात सवलती निघतात, पण त्या सरसकट नसतात. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसलं तर सरकारी परवानगीशिवाय विक्री सहसा नाही. इतर हक्काच्या रकान्यात कूळ, बँकेचा बोजा, कोर्टाचा मनाई हुकूम काहीही दडलेलं असतं. आणि नोटरीसमोर केलेल्या कागदाने जमीन नावावर होत नाही, विकणारा गावातला कितीही वजनदार असो.