गप्पीचे ट्रायो आणि ‘पिल्लं आम्हीच परत घेऊ’

घरबसल्या गप्पी मासे वाढवा, पिल्लं आम्हीच परत घेऊ, असं सांगून नाशिकमध्ये कुणी तुम्हाला ट्रायो विकत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. सिडकोत राहणाऱ्या माझ्या वहिनींचे यात पंधरा हजार रुपये गेले.

ट्रायो म्हणजे एक नर, दोन माद्या. वहिनींनी ‘रेड कोब्रा’ या गप्पीच्या प्रकाराचे दहा ट्रायो घेतले, प्रत्येकी १,५०० रुपयांना. नर खरोखर देखणे होते. अंगभर सापाच्या कातीसारखी नक्षी, शेपूट लालभडक. माद्या मात्र करड्या. “मादीला रंग नसतोच, ताई,” विक्रेता म्हणाला. ते बरंचसं खरं आहे, आणि मेख तिथेच आहे. रंगाचे कितीतरी जनुक मादीत असूनही तिच्या अंगावर दिसत नाहीत. त्यामुळे मिक्स टाकीतली स्वस्तातली मादी ‘प्युअर लाइन’ (शुद्ध वंशाची) म्हणून पिशवीत घातली, तरी नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. गप्पीची मादी नराचं वीर्य कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. नंतर टाकीत नर नसला तरी साधारण महिन्याला पिल्लांची एक बॅच देत राहते. नरांसोबत वाढलेली मादी विक्रीला येते तेव्हा बहुधा गाभणच असते. तिच्याजवळ कितीही महागडा नर सोडा, पहिल्या बॅचमधली पिल्लं कुणाची, हे कुणीच सांगू शकत नाही.

वहिनींकडे तेच झालं. नर पिल्लं रंगावर आली तेव्हा एकाच मादीच्या पिल्लांत कुणावर निळे ठिपके, कुणाची शेपूट पिवळी, कुणी मागून अर्धा काळा. कोब्राची नक्षी मोजक्यांवरच. विक्रेत्याने हात झटकले. “तुमच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) चुकलाय, ताई. खाद्यही हलकं दिलंत. क्वालिटी असेल तरच घेईन, असं मी बोललो होतो.”

हे साफ खोटं आहे. खाद्याने लाल-नारिंगी रंग फिका किंवा गडद होतो, कारण त्यासाठी लागणारं कॅरोटिनॉइड हे रंगद्रव्य माशाला खाण्यातूनच मिळतं. नक्षी खाण्यातून येत नाही आणि पाण्यातूनही नाही. नराच्या अंगावरची खूण बापाकडून फक्त मुलग्यांकडे जाते, हे डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये गप्पीवरच दाखवलं. पुढे ओयविंड विंगे यांनी तिचा संबंध फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्राशी जोडला. बहुतेक कोब्रा गप्पींत अंगावरची नक्षी याच वाटेने उतरते. बाप कोब्रा असेल तर जवळपास सगळे मुलगे कोब्रा निघायला हवेत, मग पाणी गंगापूर धरणाचं असो की बोअरचं.

वहिनींचं मन त्या टीडीएसमध्ये अडकलं होतं, म्हणून आम्ही पडताळणी केली. त्याच पिल्लांतल्या माद्या महिन्याच्या होण्याआधीच वेगळ्या काढल्या आणि मोठ्या झाल्यावर विकत घेतलेल्या नरांना लावल्या. टाकी तीच, पाणी तेच, खाद्य तेच. मुलगे कोब्रा निघाले! शेपट्या मात्र नाना तऱ्हेच्या, कारण आईकडून आलेला वाटा भेसळीचा. म्हणजे नर अस्सल होते, माद्या नव्हत्या. हे फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने वहिनींचा नंबर ब्लॉक केला.

मला संताप येतो तो त्या अटीचा. क्वालिटी ज्या मादीवर अवलंबून, तीच त्याने खोटी दिली, त्यामुळे त्याला एकही पिल्लू परत घ्यावं लागणार नव्हतं. कडकनाथ कोंबड्यांच्या परतखरेदीत राज्यातले शेतकरी अडकल्याचं २०१९ मध्ये आपण पाहिलंच आहे. इथे रक्कम लहान, म्हणून कुणी बोलत नाही.

ट्रायो घ्यायचाच असेल तर मादी कधी वेगळी काढली ते विचारा आणि ‘व्हर्जिन मादी’ (नराशी संबंध न आलेली) असं बिलावर लिहून घ्या. नराचे भाऊ एकत्र पोहताना बघायला मागा. लाइन पक्की असेल तर ते एकसारखे दिसतात. माद्या नरांइतक्या भडक असतील तर त्यांना हार्मोन दिल्याची शंका घ्या. तो रंग टिकत नाही आणि अशा माद्या पैदाशीला भरवशाच्या नसतात.

वहिनींनी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवली आहे. बिल मिळालं नव्हतं, पण परतखरेदीचं आश्वासन देणारे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आणि यूपीआयची नोंद जोडता आली. तुमच्याकडेही असे मेसेज असतील तर ते डिलीट करू नका.