कॅमेऱ्याचा कामगंध सापळा: एका हंगामाचा अनुभव

आमची राळेगाव तालुक्यात ६ एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूस. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं हातचं पीक नेलं, तेव्हापासून रोज सकाळी सापळ्यातले पतंग मोजणं माझ्याकडे आहे. यंदा आमच्या गटानं कॅमेऱ्याचा सापळा भाड्यानं आणला. आत नेहमीचीच ल्यूर, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगाला ओढणारी गोळी, खाली चिकट कागद, वर कॅमेरा आणि सौर पाटी. तो रात्री फोटो काढतो, त्यातले पतंग ओळखतो आणि सकाळी मोबाईलवर आकडा येतो.

सप्टेंबरात लागोपाठ तीन रात्री ९, ११, १० असे आकडे आले. धोक्याची मर्यादा एका सापळ्यात रात्रीला ८ पतंगांची. त्याच दिवशी २० हिरवी बोंडं फोडली, दोनांत अळी निघाली, संध्याकाळी फवारणी केली. गेल्या वर्षी याच दिवसांत चिखलामुळं आठवडाभर वावरात पाय ठेवता आला नव्हता, आणि तेच महाग पडलं होतं.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, फोटो उघडा. पावसानंतर एकदा ३१ दाखवले. फोटो मोठा करून पाहिला तर गव्हाच्या दाण्याएवढे करडे, झालरी पंखांचे खरे पतंग सातच. बाकी माश्या आणि चिखलाचे शिंतोडे. कागद दर आठवड्याला बदलावाच लागतो, ल्यूरही वेळेवर. खालच्या वावरात नेटवर्क नाही, तिथं साधेच सापळे ठेवले.

एकट्याला विकत घेणं परवडणार नाही. गटानं मात्र जरूर घ्यावा. पुढच्या हंगामासाठी आम्ही आत्ताच सांगून ठेवलाय.