तोर्तिया पास, हामोन नापास

तापास म्हणजे पेयासोबत खायच्या छोट्या स्पॅनिश ताटल्या. त्यांच्या मेन्यूवर पहिल्याच पानात पाएया दिसला की शंका येते. तो स्पेनमधल्या वॅलेन्सियाकडचा दुपारच्या जेवणाचा भात. ग्लासासोबत दोन-चार घासांत संपवायची ती ताटली नव्हे. या रेस्टॉरंटने पाएया ठेवलेला नाही. सांग्रियाचे, म्हणजे फळं घातलेल्या वाइनचे, चंबूही मिरवलेले नाहीत. बरं वाटलं.

स्वयंपाकघराची कुवत कळते ती तोर्तियावरून, म्हणजे बटाटा-अंड्याच्या जाड ऑम्लेटवरून. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि कांदा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवायचा, लाल करायचा नाही. मग तेल निथळायचं आणि गरम असतानाच सगळं फेटलेल्या अंड्यात दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचं. हे मुरणं टाळलं की कापल्यावर अंडं एकीकडे, बटाटा दुसरीकडे. इथे सुरी लावली तेव्हा मधला भाग जेमतेम ओघळला आणि चकत्या एकमेकींना धरून राहिल्या. कांदा घालावा की नाही यावर स्पेनमध्ये कायमचे दोन तट आहेत. इथे घातलाय, आणि छान केलंय.

गाम्बास आल आहियो, म्हणजे लसणीच्या तेलातली कोळंबी, तीही तशीच नेमकी. कोळंबी किंचित कच्ची असतानाच आचेवरून उतरवावी लागते, कारण मातीच्या भांड्यातल्या उकळत्या तेलात ती टेबलावर येईपर्यंत शिजतच राहते. लसूण फिकट सोनेरी होता. तपकिरी झाला असता तर सगळं तेल कडू. हे तेल पावाने पुसून खायचं असतं. पाव मात्र वेगळा मागावा लागला.

क्रोकेतास, म्हणजे घट्ट पांढऱ्या सॉसचे तळलेले रोल, ठीक. पातातास ब्राव्हास म्हणजे तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे. इथे ते दोनदा तळलेले, कुरकुरीत, पण सॉस केचपच्या वळणाचा गोड. माद्रिदच्या जुन्या पद्धतीत त्याला पिमेंतोन म्हणजे लाल मिरचीची पूड, तेल, मैदा आणि स्टॉक लागतो. कित्येक जण त्यात टोमॅटो घालतच नाहीत.

खरी गडबड आहे न शिजवायच्या पदार्थांत. हामोन म्हणजे डुकराची खारवून वाळवलेली मांडी, पातळ कापून न शिजवता खायची. मेन्यूवर नुसतं ‘हामोन इबेरिको’ लिहिलंय, पण त्यातही चार दर्जे असतात. स्पेनच्या 2014 च्या नियमाप्रमाणे मांडीवरच्या पट्टीचा रंगच ते सांगतो: काळी म्हणजे शंभर टक्के इबेरियन जातीचं, ओकची फळं खाऊन वाढलेलं डुक्कर, लाल म्हणजे तोच आहार, पण संकरित, हिरवी म्हणजे माळावर चरलेलं आणि वर खाद्य दिलेलं, पांढरी म्हणजे गोठ्यात खाद्यावर पोसलेलं. इथे पट्टीचा रंग विचारला तर उत्तर मिळालं नाही. त्यात काप फ्रिजमधून थेट ताटलीत. चरबी पांढरी, मेणासारखी घट्ट, जिभेवर विरघळायला तयार नाही. वीस अंशांच्या वर तीच चरबी चकाकते आणि काचेसारखी पारदर्शक होते.

याउलट फिनो कोमट! ही दक्षिण स्पेनमधल्या हेरेसची शेरी, म्हणजे गोड नसलेली कडक वाइन, सात ते नऊ अंशांवर द्यायची असते. पिंपात तिच्यावर यीस्टची साय असते, ती हवेपासून वाचवते. बाटली उघडली की ते संरक्षण संपतं आणि फ्रिजमध्ये ठेवूनही आठवडाभरात चव उतरते. इथला ग्लास पिवळसर तपकिरी होता, ताज्या कणकेसारखा वास गायब. हामोन आणि फिनोने जागांची अदलाबदल केली असती तर दोन्ही सुधारले असते.

तेव्हा फिनो मागवण्याआधी बाटली कधी उघडली ते विचारा. वेटर घुटमळला तर सरळ कान्या सांगा, म्हणजे नळाच्या थंड बिअरचा छोटा ग्लास. तोर्तियाबरोबर तीही चालते.