एलएल.बी.नंतरचे आठ महिने: वर्कशॉपमध्ये काय कामी आलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं, म्हणजे यंत्रावर धातूचे भाग कापून-घासून मापात आणायचं, छोटं वर्कशॉप आहे. सकाळी कॉलेज, दुपारी वर्कशॉप असं करत मी तीन वर्षांची एलएल.बी. पूर्ण केली. वकिलीची सनद घेतलेली नाही, कोर्टात उभं राहायचा विचारही नाही. गेले आठ महिने वसुली, बोलणी आणि पीओच्या (गिऱ्हाइकाच्या खरेदी ऑर्डरच्या) अटी मीच बघते. त्यावरून हा अनुभव लिहितेय.

सगळ्यात जास्त उपयोग मूट कोर्टचा, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या लुटुपुटीच्या खटल्यांचा झाला. एकाच प्रकरणात आज वादीकडून, उद्या प्रतिवादीकडून बोलायची तयारी करावी लागायची. ती सवय अंगात मुरली. एका गिऱ्हाइकाने रिजेक्शनचं (माल नापास झाल्याचं) कारण सांगून साडेचार लाख अडवले होते. बाबांची रीत म्हणजे रोज फोन करायचा, "साहेब, जरा बघा की." मी आधी गिऱ्हाइकाच्या बाजूने आमच्याविरुद्धची तक्रार लिहून काढली. लिहितानाच कळलं की चारशेपैकी एकतीस नगांचं बोअर (आतलं भोक) खरंच टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या बाहेर होतं. बाकीच्या नगांविषयी त्यांच्याकडे एकही कागद नव्हता.

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, 2006 आमच्या बाजूने होता. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या आमच्यासारख्या छोट्या पुरवठादाराचे पैसे, करारात काहीही लिहिलेलं असलं तरी, 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. शिवाय 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. त्यांची मेल बाविसाव्या दिवशी आली होती, म्हणजे ते एकतीस नगही मी झटकू शकले असते. पण चूक आमची होती. ती सुरुवातीलाच कबूल केल्यावर परचेसवाल्यांचा सूर बदलला. तेवढे नग बदलून दिले, पैसे दोन हप्त्यांत आले, व्याज मी सोडलं. कायद्याचं नाव काढायची वेळच आली नाही. बोलणी फिसकटली तर पुढे कुठे जायचं हे माहीत होतं, म्हणून धीर धरता आला.

दुसरा फायदा अटी वाचण्यात झाला. पीओत उशिराबद्दल आठवड्याला अमुक टक्के दंड असा मजकूर दिसला की आम्ही मुकाट्याने सही करायचो. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (1963) हा निकाल अभ्यासताना कळलं की करार कायद्याच्या कलम 74 नुसार करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, कोर्ट वाजवी भरपाईच देतं. आता मी विचारते, "माल आठवडाभर उशिरा आला तर तुमचं नेमकं किती नुकसान होतं?" त्या उत्तरावरून दोन ठिकाणी टक्का कमी झाला.

उणिवाही आहेत. आमच्या कॉलेजात ड्राफ्टिंगचा पेपर नमुने पाठ करून सुटायचा. करार लिहायला मी वर्कशॉपमध्येच शिकले. आणि सुरुवातीचे दोन महिने मी जिथे तिथे कलमं ऐकवत होते. वीस वर्षं आम्हाला कास्टिंग (ओतीव भाग) देणारे एक काका त्यामुळे दुखावले. नंतर मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांचा-आमचा व्यवहार आजही तोंडीच चालतो, आणि तो तसाच राहावा असं मला वाटतं.

धंदा सांभाळून तीन वर्षं काढता येत असतील तर जरूर करा. फक्त वसुलीपुरतं हवं असेल तर एवढा खटाटोप नको, चांगला वकील गाठा.

बाबा अजूनही फोन करतात. पण आता आधी माल पोचवल्याचं चलन आणि मेलची प्रिंट काढून समोर ठेवतात.